दफेदारांचा हात

"डावा गरम लागतोय," मल्हारराव म्हणाले, आणि वनजाच्या हातातली तेलाची वाटी कलंडली. चादर नवी होती, मागच्याच आठवड्यात आणलेली. एरवी तिनं तेलाच्या एका थेंबासाठी घर डोक्यावर घेतलं असतं. आता तिला डाग दिसलाही नाही. ती वडिलांच्या हातांकडे बघत राहिली. पलंगाच्या पायथ्याशी, उताण्या पडलेल्या पावनीकडे तोंड करून ते बसले होते, डोळे मिटून, आणि त्यांचे दोन्ही तळहात नातीच्या दोन पायांवरून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत एकाच वेगानं उतरत होते. पुन्हा वर, पुन्हा खाली. "उजवा थंड हाय. डावा गरम," ते परत एकदा म्हणाले, उठले, आणि बाहेरच्या खोलीत कन्नड बातम्या बघायला निघून गेले. बातम्यांत कुठल्याशा धरणाची पातळी सांगत होते. आपण घरात काय टाकून आलो याची त्यांना कल्पना नसावी.

साडेपाच वर्षांच्या पावनीचे पाय गेले महिनाभर दुखत होते. दिवसभर नाही, दिवसभर ती म्हैसूरला सरस्वतीपुरमच्या त्यांच्या गल्लीत स्कूटर आणि कुत्री चुकवत धावायची, गेटवर चढायची, पायऱ्या दोन-दोन करून उतरायची. रात्री नऊला पाठ टेकली की सुरू व्हायचं. "अम्मा, काल नोवु." पाय दुखतात एवढंच ती कन्नडमध्ये सांगायची, कारण दुखणं तिला कन्नडमध्येच यायचं, मराठी तिच्याकडे जेवण्यापुरतं, रागावून घेण्यापुरतं आणि आजोबांपुरतं होतं. डॉक्टर यशस्विनींनी तीन आठवड्यांपूर्वी तपासून सांगितलं होतं, वाढत्या वयातलं दुखणं आहे, पुष्कळ मुलांना होतं, तेल लावा, दाबा, गोष्ट सांगा, एक-दोन वर्षांत आपोआप जाईल. आणि मग दाराशी पोचलेल्या वनजाला, सहज म्हणून, आणखी एक वाक्य ऐकवलं होतं: एकच पाय दुखायला लागला, गरम लागला, सुजला, किंवा सकाळी लंगडली, तर मात्र थांबू नका. वनजा कॉलेजात ग्रंथपाल. वाचलेलं विसरेल, पण ऐकलेली सूचना तिच्या डोक्यात नंबर लावून कपाटात बसायची. एकच पाय. गरम. तीन आठवडे ती ते कपाट बंद ठेवून होती आणि अप्पांनी एका वाक्यात ते सताड उघडलं.

तिनं स्वतःचा हात लावून पाहिला. डावा, मग उजवा, मग परत डावा. तिला काही फरक कळेना. पायावर सूज नव्हती, थर्मामीटरात ताप नव्हता. पावनी तिच्या दंडाला धरून, "तेल गार आहे, अम्मा," अशी कुरकुर करत होती आणि पाच मिनिटांत झोपूनही गेली. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर वनजानं तेव्हाच दिवा मालवला असता. पण हे म्हणणारा हात दफेदार मल्हाररावांचा होता, आणि या हाताचा शब्द खोटा पडलेला तिनं जन्मात पाहिला नव्हता. आपल्या हातापेक्षा आपला त्यांच्या हातावर जास्त विश्वास आहे, हे तिला तिथं बसल्याबसल्या कळलं आणि त्याचा रागही आला. अडतीस वर्षांची बाई, पोटची पोर, आणि तिचा पाय गरम की गार हे ठरवायला वडील लागतात.

ती सात वर्षांची असताना अप्पा तिला एका संध्याकाळी पागेत घेऊन गेले होते. पोलिसांच्या घोडदळात त्यांची नोकरी. त्यांचे वडील, त्यांचे आजोबा, त्याही मागचे, सगळे कुठल्या ना कुठल्या राजाच्या नाहीतर सरकारच्या घोड्यांमागे जन्म काढलेले. घरात फौजेची भाषा मराठी, बाकी सगळं म्हैसूरचं. रोज संध्याकाळी खरारा झाला की अप्पा एकेका घोड्यासमोर उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे, आणि दोन्ही तळहात दोन पुढच्या पायांवरून गुडघ्यापासून खुरापर्यंत खाली आणायचे. दोन हात, दोन पाय, एकाच वेळी. एका पायानं दुसऱ्याची साक्ष द्यायची, असं ते म्हणत. त्या संध्याकाळी एका तांबड्या घोड्यापाशी ते थांबले. "हा उद्या जायचा नाय," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी कसलीशी मोठी परेड होती. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी घोड्याला चालवलं, पळवलं, हसले, म्हणाले दफेदार, घोडा ठणठणीत आहे. तरी अप्पांनी त्याला ठाणावरून हलू दिलं नाही, साहेबांचं बोलणं खाल्लं. तिसऱ्या दिवशी त्या घोड्याची नळीमागची शीर सुजून मनगटाएवढी झाली. ही हकिगत घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की वनजाला आता त्यातलं आपण किती पाहिलं आणि किती ऐकलं हे वेगळं करता यायचं नाही. डोळे मिटलेले अप्पा मात्र पाहिलेलेच होते. त्या घोड्याचा तिला फार हेवा वाटला होता, हेही ऐकलेलं नव्हतं.

कारण पाय तिचेही दुखायचे. याच वयात, याच वेळेला. आई जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दोन्ही पोटऱ्यांना घट्ट बांधायची आणि स्वयंपाकघर आवरायला जायची. पट्टीनं बरं वाटायचं, पण पट्टीला हात नसतात. अप्पा आठाच्या सुमाराला यायचे, अंगाला घोड्यांचा आणि मलमाचा वास, जेवायचे, आणि ती रडत असली तर दारातून म्हणायचे, "घोडं दिवसभर पळतं गे, आणि गप उभं राहतं." ते रागानं म्हणत नसत, उलट जरा कौतुकानंच म्हणत, घोड्याच्या. वनजा गप्प व्हायची. मनात मात्र ती रोज वाट बघायची की आज ते आत येतील, पायथ्याशी बसतील, डोळे मिटतील आणि आपले पाय धरतील. ते कधी आले नाहीत. मग एक दिवस पायच दुखायचे थांबले, तिनं वाट बघणं सोडून दिलं, लग्न झालं, ग्रंथालय आलं, पावनी आली, आई गेली, दोन वर्षांपूर्वी अप्पा आपली ट्रंक घेऊन समोरच्या खोलीत राहायला आले. आणि इतक्या वर्षांनी, पावनीनं "ताता!" म्हणून आजोबांना एक हाक मारली मात्र, ते बातम्या सोडून आत आले आणि पायथ्याशी बसले. वनजाला ते पाहून बरं वाटलं होतं. कुठंतरी टोचलंही होतं, लेकीचा मत्सर करायचं वय नसतानाही. आणि एवढ्यात ते म्हणाले, डावा गरम लागतोय.

सकाळी ती पावनीच्या मागं मागं फिरली. पावनी दात घासायला गेली, दूध प्यायली, बूट घालताना एका पायावर लंगडी घालत दारापर्यंत गेली, तेव्हा वनजा धावतच मागं गेली. पण ते दुसरा बूट सापडत नव्हता म्हणून होतं. शाळेच्या रिक्षात ती उडी मारून बसली. अप्पा बाहेर खुर्चीत पेपर वाचत होते. वनजानं विचारलं, "अप्पा, काल तुम्ही म्हणालात ते... नक्की?"

"काय?"

"डावा गरम."

"लागला की." त्यांनी पेपरावरून मान वर केली. "कशाला गे? लंगडत तर नाय ती."

"लंगडत नाही."

"मग बघ, दोन दिवस बघ. मी रोज हात लावीन." आणि ते पुन्हा पेपरात शिरले.

दोन दिवस बघा, हे घोड्याला ठीक आहे, वनजा मनात म्हणाली. ग्रंथालयात त्या दिवशी तिनं परत आलेली पुस्तकं तीनदा चुकीच्या फडताळात लावली. मागच्या रविवारी तलकाडला गेलो तेव्हा पोर वाळूत दोन तास धावली, त्यात कुठं पाय मुरगळला असेल का? मुरगळला असता तर ती नदीत का नाचली असती? संगणकावर तिनं शोधू नये ते शोधलं, आणि वाचू नये ते वाचलं. तिथं पायांच्या दुखण्याची एक यादी होती आणि यादीच्या शेवटी असलेल्या शब्दाकडे डोळे जाऊ नयेत म्हणून तिनं पडद्याच्या खालच्या भागावर हात धरला. हात धरला तरी तो शब्द तिथं होताच. दुपारी तिनं नवऱ्याला, तरुणला, फोन लावला. तो आठवडाभर बेंगळुरूला असतो, शनिवारी रात्री येतो. "डॉक्टर ग्रोइंग पेन म्हणाल्या ना? मग सुम्ने, उगाच, टेन्शन का घेतेस?" तो म्हणाला. त्याचं चुकीचं नव्हतं. पण त्यानं अप्पांना कधी डोळे मिटून बसलेलं पाहिलं नव्हतं. तिनं फोन ठेवला आणि डॉक्टरांची संध्याकाळची वेळ घेतली.

डॉक्टर यशस्विनींनी पावनीला झोपवलं, बसवलं, टाचांवर चालवलं, उड्या मारायला लावल्या. गुडघे वाकवले, घोटे फिरवले, पोटऱ्यांना टेप लावून मापं घेतली. "एरडू ओंदे," त्या म्हणाल्या, दोन्ही एकसारखे, आणि स्वतःचा हात दोन्ही नडग्यांवर ठेवून पुन्हा तेच म्हणाल्या. "कोण म्हणालं गरम आहे?" वनजाला वडिलांचं नाव सांगवेना. माझे वडील घोड्यांच्या नोकरीत होते, हे डॉक्टरसमोर कसं म्हणायचं? "मलाच वाटलं," ती म्हणाली. डॉक्टर हसल्या, म्हणाल्या, आयांना वाटतं तसं. पावनीनं चॉकलेट मागून घेतलं. जिना उतरताना वनजाला खरं तर हलकं व्हायला हवं होतं, पण तिच्या डोक्यात त्या तांबड्या घोड्याचे डॉक्टरही असेच हसत होते. चालवून, पळवून, ठणठणीत म्हणून. बसमध्ये पावनी तिच्या मांडीवर बसून बुटांच्या टाचा सीटच्या पत्र्यावर आपटत होती आणि वनजा त्या डाव्या बुटाकडे बघत होती.

त्या रात्री नऊला पावनीनं पाठ टेकली, कण्हली, आणि या वेळी आईला न विचारता सरळ आजोबांनाच हाक मारली. मल्हारराव आले. वनजा भिंतीला टेकून उभी राहिली, न्यायाधीशासमोर उभी असल्यासारखी. पावनी मात्र काल पुढून झालं, आज मागून, असं म्हणून पालथी वळली आणि तिनं पोटऱ्या वर केल्या. मल्हाररावांनी डोळे मिटले, दोन्ही तळहात गुडघ्यांच्या खाचेत ठेवले आणि खाली आणले. पुन्हा वर. पुन्हा खाली. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"आज उजवा गरम हाय," ते म्हणाले.

वनजा भिंतीपासून पुढं झाली. आता दोन्ही? आणि मग तिला दिसलं. काल पोर उताणी होती, आज पालथी आहे. काल अप्पांच्या उजव्या हाताखाली तिचा डावा पाय होता, आज उजवा आहे. गरम पाय बदलला होता, हात बदलला नव्हता. तिला ते सांगायची गरज पडली नाही, कारण चाळीस वर्षं पाय चाचपलेल्या माणसाला ते तिच्यामागून क्षणभरात कळलंच. त्यांनी डोळे उघडले. "पावनी, उताणी हो," ते म्हणाले. पोर वळली. हात फिरले. "पालथी हो." पोर खिदळली, तिला हा खेळ वाटला. "परत उताणी." मग त्यांनी डावा हात मांडीवर काढून ठेवला आणि नुसत्या उजव्यानं दोन्ही पाय एकामागून एक, सावकाश, वरून खाली पाहिले. मग नुसत्या डाव्यानं. डावा हात घोट्यापाशी आल्यावर तिथंच थांबून राहिला.

"दोन्ही सारखे हायत, वनू," ते म्हणाले. "पायात काय नाय. पोर चांगली हाय."

वनजाचा जीव भांड्यात पडला. ती खालीच बसली, पलंगाच्या कडेला, आणि कालपासून धरून ठेवलेलं रडू तिच्या डोळ्यांतून तसंच वाहू लागलं. तिनं ते पुसलंही नाही. कुठलीच यादी नाही, यादीच्या शेवटचा शब्द नाही. वाळूत धावते म्हणून दुखतं, वाढते म्हणून दुखतं. असं दुखो बाई, ती मनात म्हणाली, रोज दुखो. इतकं सुख झाल्यावर मग तिचं लक्ष वडिलांकडे गेलं. ते आपला डावा तळहात दिव्याकडे धरून बघत होते, कुणाची तरी राहून गेलेली वस्तू बघावी तसे. कॉफीचा उकळता लोटा ते डाव्या हातात धरून ठेवतात हे तिला आठवलं. फौजेचं हाड, म्हणून ग्रंथालयात तिनं ते कौतुकानं सांगितलंही होतं.

"कधीपासून, अप्पा?"

"दसऱ्याच्या अगोदरपासून असंल. मुंग्या यायच्या. मग मुंग्या पण यायच्या थांबल्या." ते थोडं हसले. "मला वाटलं बरं झालं."

"मला का नाही सांगितलं?"

"हात हाय गे. एवढं काय सांगायचं." आणि मग, तिच्याकडे न बघता, "काल तुला भलतंच घाबरवलं मी. चुकलं माझं."

हे वाक्य वनजानं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. साहेबांसमोर नाही, आईसमोर तर नाहीच. तिला ते ऐकून समाधान व्हायला हवं होतं, निदान थोडं. तिच्या हिशेबी ते इतक्या वर्षांचं येणं होतं. तसं काही झालं नाही. त्यांचा हात कधी चुकला नाही हेच किती मोठं छप्पर होतं ते तिला आता, ते उडून गेल्यावर, कळलं. सोमवारी ग्रंथालयात रजा टाकायची आणि यांना घेऊन जायचं, मानेचा फोटो काढायला सांगतील, खांद्याचा सांगतील, जे सांगतील ते करायचं, असं तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. मल्हारराव उठले होते. पागेत एखादं जनावर पायानं गेलं की त्याला यादीतून काढायचे, त्याला एक शब्द होता, तो त्यांनी स्वतःशीच उच्चारला. "खारीज," ते म्हणाले. "आता हितं माझं काय काम नाय."

"ताता, कुठं चाललात?" पावनी उठून बसली. तिचा खेळ मध्येच मोडला होता आणि पाय तसेच दुखत होते. "काल पण गेलात. काल नोवु इदे नंगे."

"तुझ्या पायाला काय झालं नाय, राजा. बघितलं मी. हात नीट चालत नाय माझा, पण बघितलं."

"नोडबेडी ताता!" ती रडकुंडीला येऊन ओरडली. "बघू नका! नुसते दाबा!"

मल्हारराव दारात थांबले. जन्मभर त्यांनी पाय बघितले होते. गरम की गार, सुजला की नाही, उद्या जाईल की राहील. नुसता दुखतो म्हणून धरलेला पाय त्यांच्या आठवणीत एकही नसावा. त्यांनी वनजाकडे पाहिलं, अगदी नव्या शिपायानं बघावं तसं. "मला ते येत नाय गे," ते हळूच म्हणाले.

"यात यायचं काय आहे, अप्पा," वनजा म्हणाली. "बसा. इथं. पोटरीला धरा, आणि सोडा. धरा, आणि सोडा. बस्स."

तिनं मोठा दिवा मालवला, पांघरूण ओढलं, आणि रोजच्यासारखी पावनीच्या शेजारी आडवी झाली. मल्हारराव पायथ्याशी बसले आणि पांघरुणावरूनच दाबू लागले. पहिल्यांदा "हळू, ताता!" झालं, मग "अजून हळू!", मग एकदा "आता फार हळू!", आणि मग त्यांना लय सापडली. बाहेर टीव्ही कुणी बंद केलाच नव्हता, बातम्या संपून कुठली तरी जाहिरात लागली होती. समोरच्या घरातला कुकर शिट्टी देऊन गप्प झाला. पावनी मराठी आणि कन्नड एकत्र करून शाळेतल्या कुणा मुलीची तक्रार सांगत होती, ती मुलगी कसं टिफिनमधलं सगळं खाऊन टाकते आणि वर मिस्सना खोटं सांगते, आणि सांगता सांगता तिचे शब्द लांबत गेले, एक पाय तिनं पोटाशी ओढून घेतला, कूस बदलली, श्वास जड झाला. वनजालाही डोळे उघडे ठेवणं जड जात होतं. इतकी स्वस्थ ती कित्येक दिवसांत झाली नव्हती. उद्या शनिवार, तरुण येईल, दोसे करायचे, एवढंच डोक्यात होतं.

आणि तिच्या उजव्या पावलावर हात पडला. पांघरुणावरून चाचपत, ओढून घेतलेला पाय शोधत आलेला अप्पांचा डावा हात. त्यानं तिचं पाऊल धरलं, आणि सोडलं. धरलं, आणि सोडलं. वनजा खडबडून जागी झाली. वडिलांनी पायाला हात लावायचा म्हणजे काय. त्यांच्या पायांवर डोकं ठेवत वाढलेली ती, तिचं पाऊल आपसूक मागं जायला निघालं. पण त्या हाताला काही कळत नव्हतं. साडेपाच वर्षांचा पाय आणि अडतीस वर्षांचा पाय त्याला सारखेच होते. त्याला एवढंच कळत होतं की कुणाचे तरी पाय दुखताहेत. हात पोटरीपर्यंत वर आला, जिथं आई पट्टी बांधायची तिथपर्यंत, आणि तिथं धरून, सोडून, पुन्हा खाली गेला. वनजानं पाऊल होतं तिथंच ठेवलं. शेजारी पावनी हलकी घोरत होती.

"झोपली काय गे?" बऱ्याच वेळानं अंधारातून मल्हाररावांनी कुजबुजत विचारलं.

"नाही अप्पा," वनजा म्हणाली. "अजून नाही. दाबा."